दोन मुठींची करवत

आईबाबांचा अबोला कित्येक वर्षांचा. एकमेकांशी बोलायचे ते फक्त चुलीची लाकडं कापताना. दोन मुठींच्या करवतीला एकीकडे आई, दुसरीकडे बाबा. "ओढा आता!" "अगं, जरा दमानं!" या वयात त्यांचे कष्ट बघवेनात, म्हणून मी पेट्रोलवर चालणारी करवत आणून दिली. एकट्या माणसाचं काम.

पुढच्या खेपेला आले, तर दोघं परसात जुनीच करवत ओढत होते.

"नवी बिघडली," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी पेट्रोलची टाकी उघडली. तळाशी साखर!

"आई?"

तिनं चोरी पकडली गेल्यासारखी मान खाली घातली.



"तिला नको बोलूस," बाबा पुटपुटले. "तिचा हात फळीपर्यंत पोचत नव्हता. साखरेचा डबा मीच काढून दिला."