‘रोझ डॉट बाल्कन’ची मुदत

मुदत संपली होती. पडद्यावर लाल अक्षरांत तसं लिहिलंच होतं. आसेनने ते पुन्हा पुन्हा वाचलं, तरी खरं वाटेना.

‘रोझ डॉट बाल्कन’. इंटरनेटवरचं हे एवढंसं नाव, पण त्याच्यापायी आसेनला कित्येक महिने अन्न गोड लागलं नव्हतं. नाव त्याचं नव्हतं. शेजारच्या ल्युबेनचं होतं.

सकाळीच ल्युबेनची बायको दोना कुंपणापाशी आली होती. ल्युबेनला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी प्लोव्दिव शहरातल्या इस्पितळात नेलेलं.

“आसेनभाऊ, बँकेने ह्यांचं कार्ड बदललंय. कसलेतरी पैसे कापले गेले नाहीत असं कळवलंय. मला त्या कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. हे घरी येईपर्यंत तुम्ही जरा बघाल का?”

“बघतो की,” आसेन म्हणाला होता. आणि तेव्हापासून तो बघतच बसला होता.

दोघं एका शाळेतले आणि धंदाही एकच. इंटरनेटवरची नावं स्वस्तात घ्यायची, सांभाळायची आणि गरजू गिऱ्हाईक आलं की चढ्या भावाने विकायची. आसेन जुना खेळाडू, फक्त ‘डॉट कॉम’वाला. ‘कॉम’ऐवजी नवनवीन शेवट असलेली नावं निघाली तेव्हा त्याने त्यांना शेपट्या म्हणून हिणवलं. “गाढवाला नवी शेपटी लावली म्हणून त्याचा घोडा होत नाही,” हे त्याने गुलाबांसाठी नावाजलेल्या त्यांच्या कझानलिक गावातल्या कॅफेत सगळ्यांना ऐकवलं होतं. ल्युबेनने नुसतं ऐकून घेतलं आणि ‘बाल्कन’ शेपटीचा पहिला लिलाव झाला तेव्हा ‘रोझ’वर बोली लावली. “कझानलिकात जन्मलो, गुलाब कसा सोडू?” तो म्हणाला. आसेन पोट धरून हसला होता.

पुढे पॅरिसच्या एका अत्तरवाल्या कंपनीने त्या नावाला विचारलं. आधी मोटारीएवढी किंमत देत होते, ल्युबेन नाही म्हणाला. मग घराएवढी देऊ लागले. ल्युबेन म्हणाला, आधी पोटातले खडे काढून येतो, मग बोलू. आणि त्याने कॅफेत सगळ्यांना फळांची कडक रकिया पाजली. आसेनही प्याला, त्याने ल्युबेनची पाठ थोपटली आणि घरी येऊन बायकोला, विहराला, सांगितलं की रकिया भेसळीची होती.

“रकियाला काय धाड भरलीय,” विहरा म्हणाली. “तुझ्याच पोटात दुखतंय.”

दुखतच होतं. ल्युबेनला ना अक्कल ना अभ्यास, आणि छप्पर फाडून मिळतंय. मी वीस वर्षं घासतोय, मला काय मिळालं? आसेनला हे रोज वाटायचं. आंघोळ करताना वाटायचं, शेजारून ल्युबेनचं शीळ घालणं ऐकू आलं की तर अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आता ते नाव बेवारशी पडलं होतं. उशीर केला तर जर्मनीतला नाहीतर तुर्कस्तानातला कोणीतरी टपलेला असणार. मग मीच का नको, आसेनने स्वतःला विचारलं. चोरी थोडीच आहे? ज्याने मुदत चुकवली त्याने नाव गमावलं, हा धंद्याचा नियम.

लाल अक्षरांखाली ‘पैसे भरा’ असं बटण होतं. किती वर्षांसाठी, असं विचारलं होतं. ल्युबेनला पुन्हा कधी हात लावता येऊ नये म्हणून आसेनने दहा वर्षं निवडली. अशा नावांचं वर्षाचं भाडंच दांडगं असतं. घराच्या छपरासाठी साठवलेले सगळे पैसे त्यात गेले. त्याने बटण दाबलं.

पडद्यावर हिरवी अक्षरं आली. नावाची मुदत दहा वर्षांनी वाढवली आहे. मालक, ल्युबेन कारादिमोव.

आसेनने डोळे चोळले. मग ज्यांच्याकडे पैसे भरले होते त्यांना फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलली. ह्या नव्या नावांचं असंच असतं म्हणाली, मुदत संपली तरी काही दिवस नाव जुन्या मालकाचंच राहतं, पैसे कोणीही भरोत. शेजाऱ्याचं विजेचं बिल आपण भरलं तर वीज त्याच्याच घरी राहते, तसं. पैसे परत मिळत नाहीत. आणि कोणी भरले ते मालकाला कळवलेलं आहे. ‘डॉट कॉम’चा एकूण एक नियम आसेनला पाठ होता. शेपट्यांचे नियम त्याने तुच्छतेपायी कधी वाचलेच नव्हते.

संध्याकाळी ल्युबेनचा फोन आला. आवाज पार खोल गेलेला.

“आसेन, दहा वर्षांचे भरलेस?”

आसेनने उठून खोलीचं दार लावून घेतलं.

“गुंगीतून जागा झालो आणि आठवलं, कार्ड बदललंय. म्हटलं, नाव गेलं. कोण नेणार तेही ठाऊक होतं मला. पडल्या पडल्या तुला आईबापावरून शिव्या घातल्या रे. नर्सनेसुद्धा ऐकल्या. खरं सांगू? तुझ्या जागी मी असतो ना, तर लाटलंच असतं.”

“ल्युबेन, ऐक जरा, मी काही...”

“नको बोलूस. रडलं की टाके ओढतात. मला वाटायचं, तू जळतोस माझ्यावर. मी लहान निघालो, आसेन. तू माझ्यापेक्षा कितीतरी मोठा.”

फोन बंद झाला. आसेनने तो पडद्याशेजारी ठेवला. पॅरिसचे पैसे, ते नाव, ल्युबेनचं नशीब, ह्यातलं काहीच त्याला आता नको होतं. आता त्याला हेवा वाटत होता तो फक्त त्या आसेनचा, ज्याच्यासाठी ल्युबेन तिकडे रडत होता.