उपकरणाचा प्रकार

लकव्यानं दुर्पताबाईची वाचा गेली, तेव्हा गोरेगावात घरूनच कंपनीचं काम करणाऱ्या मनोहरनं आईच्या हाताखाली स्पर्शाची पट्टी बसवली. बोट टेकलं की पट्टीवर दिवा लागायचा आणि त्याच्या लॅपटॉपवर शब्द उमटायचा: ‘पाणी’, ‘भूक’ आणि लाल दिव्याला ‘दुखते’.

सोमवारी साहेबाला गेलेल्या अहवालात सतरा वेळा ‘दुखते’ निघालं. लॅपटॉप पट्टीला कीबोर्ड समजत होता. मनोहरनं तिची नोंद बदलून ‘गेम खेळायचं यंत्र’ अशी केली. शब्द उमटायचे थांबले.

संध्याकाळी चिचगडहून उदाराममामा आले. “ताईले कसं वाटून राहिलं रे आता?”

“बरं हाये मामा. सकाळपासून एकदाही दुखते म्हणली नाही.”

“मंग हा लाल दिवा काऊन लागून राहिला?”

मनोहरनं लॅपटॉपवरून मान न उचलता सांगितलं, “खेळून राहिली ते.”