ठोंबरेकाकांचा कॅन

“माझी गोळी कधी चुकत नाही!” पेशंटच्या मेळाव्यात मी माइकवरून सांगितलं. “शरीरातलं एंडोथेलिन नावाचं रसायन किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतं, गोळी त्याला रोखते. हे ठोंबरेकाका बघा, लघवीतलं प्रोटीन महिन्यात गायब!”

टाळ्या पडल्या. काका मात्र मान खाली घालून उठले. “डॉक्टर, चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये घेऊन एसटीत बसायची लाज वाटली. मग इथं जावयाकडूनच कॅन भरून घेतला.”

“आणि जावयाकडे मागायची लाज नाही वाटली?” काकू कडाडल्या.

“आज माझीच आणलीय,” काका पुटपुटले. “स्टेजच्या पायरीवर ठेवलीय. गोळी लागू पडतेय का, तेवढं खरं सांगा.”

माझे कान तापले होते. कुणाकडे न बघता मी घाईनं स्टेजवरून उतरलो. पायरीवरचा कॅन माझ्या पायानं सतरंजीवर उपडा झाला.