तिसरी कॉपी

लोकांची लग्नं जपता जपता शाहनवाजनं स्वतःचंच पुसलं होतं. गिऱ्हाइकाच्या शूटिंगला हार्डडिस्कवर जागा हवी, म्हणून त्यानं न बघता आपल्याच निकाहचं फोल्डर उडवलं. "तुमच्याकडे सगळ्यांना जागा आहे, एक मलाच नाही," त्याची बायको रुखसार म्हणाली, आणि मरेपर्यंत तिनं एकही फोटो काढू दिला नाही.

आज दुपारी भद्रकाली भागातल्या आपल्या स्टुडिओत तो मालेगावच्या एका निकाहचा बॅकअप घेत होता. त्या घरच्या बायका पडद्याआड होत्या. शूटिंग फक्त पुरुषांचं. कॉपीत मात्र पुरुषांच्या रांगेत हिरव्या ओढणीतली एक बाई पाठमोरी बसली होती.

त्यानं दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली. त्यात ती अर्धी वळली होती.

मागे त्याची मुलगी कौसर त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. "अब्बा, अम्मीच आहे ही," ती म्हणाली. "अजून एक कॉपी करा ना."

त्यानं केली.

तिसऱ्या कॉपीत रुखसार नव्हती. तिच्या जागी कौसर बसली होती, आज सकाळी कॉलेजला घातलेल्या ड्रेसमध्ये.

शाहनवाजच्या खांद्यावरचा हात मात्र तसाच होता.

"झाली एकदाची जागा," कानाशी कुणीतरी म्हणालं.