स्लॅबचं पाणी

"सुनंदा, गवंडी म्हनस, स्लॅबले विहिरनं पानी चालाव नही. तापीवरनं टँकर आना म्हनस. तू शिकेल बाई, तूच सांग वं."

थोरली जाऊ मंजुळाबाई पदर खोचून नव्या घराच्या जोत्यावर उभी होती. कडेवर सुनंदाचा दीड वर्षाचा बाबू. सुनंदानं हात पुढं केले, तर त्यानं मोठ्या काकूच्या मानेत तोंड लपवलं.

सुनंदानं हात मागं घेतले.

लग्नानंतर अमळनेरच्या कॉलेजात तिनं बी.एस्सी. पुरी केली, तेव्हा याच विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासलं होतं. मीठ इतकं निघालं की सरांनी पुन्हा तपासायला लावलं. असं पाणी काँक्रीटमध्ये गेलं की आतली सळई गंजते. वरून घर तसंच दिसतं. टँकरचा खर्च आज दिसतो, गंजाचा पंधरा-वीस वर्षांनी.

"भाऊ काय म्हणतात?" सुनंदानं थोरल्या दिराबद्दल विचारलं.

"त्या म्हनतस, सुनंदा सांगी तेच कर."

"पाणी ते पाणी, अक्का. सिमेंटला काय चव कळते? टँकरवाल्याकडून गवंड्याला कमिशन असेल."

मंजुळाबाई खो-खो हसली. "आयक रे कौतिक! तुनं कमिशन बुडनं!"

कौतिक गवंडी हसला नाही. "बाई, आज टँकर महाग वाटस. वीस वरीसमा स्लॅब पडना म्हंजे?"

"वीस वर्षांचं वीस वर्षांनी पाहू," सुनंदा म्हणाली.

घरी आल्यावर तिला कौतिकचं बोलणं आठवत राहिलं. पण आत बघितलं, तर धाब्याच्या जुन्या घराच्या छताची माती पुन्हा बाबूच्या अंथरुणावर सांडलेली. या मातीनं पोर सारखं खोकायचं. चोपड्याच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, घर बदला. आणि रस्त्यावरच्या प्लॉटवर स्लॅबचं घर चाललं होतं ते कुणासाठी? थोरल्या दिरासाठी, रुपचंदसाठी. केळीचा पैसा सामाईक, राबणं दोघा भावांचं. थोरल्यांना मूलबाळ नाही, बायको सातवी पास. तरी घर त्यांचं.

"आपलंही होईल," वना म्हणायचा आणि बायकोच्या नजरेला नजर द्यायचा नाही. भावापुढं याची जीभ उचलत नाही, हे तिला ठाऊक होतं.

जावेचा थाट मात्र बघण्यासारखा होता. चौकटी सागाच्या. बाभळीच्या स्वस्त पडतात, पण वाळवी लागते, असं सुनंदानंच एकदा सांगितलं होतं. स्वयंपाकाचा ओटा असा उंच, की बुटक्या मंजुळाबाईला टाचा उंचावाव्या लागतील. आणि पुस्तकांचं फडताळ! पोथीसुद्धा बोट ठेवून वाचणाऱ्या बाईला! सगळा दिखावा, सुनंदा मनात म्हणाली.

स्लॅबच्या दिवशी विहिरीवर इंजिन लागलं. कौतिकनं पुन्हा एकदा तिच्याकडे बघितलं. थांबा, असं म्हणायला तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात बाबू पडला आणि रडत, दोन्ही हात पसरून, आईला ओलांडून मंजुळाबाईकडे धावला.

सुनंदानं तोंड मिटलं. पाटीमागून पाटी वर गेली.

पुढं एकवीस दिवस मंजुळाबाई स्लॅबवर तेच पाणी मारत होती. सुनंदा धाब्याच्या दारातून ते बघत होती. शेवटी शेवटी तिला वाईटही वाटेनासं झालं.

वास्तुशांतीला अर्धं गाव आलं. सुनंदा मागं भिंतीला टेकून उभी होती. भटजींनी दोन पाट मांडले. "यजमान जोडप्यानं बसून घ्यावं."

रुपचंदनं धाकट्या भावाला खांद्याला धरून पाटावर बसवलं.

सुनंदाला कळेना. एवढ्यात मंजुळाबाई गर्दीतून आली, तिच्या हाताला धरून तिला पाटाशी नेलं आणि तिच्या पदराची वनाच्या उपरण्याशी गाठ मारू लागली.

"अक्का, हे काय?"

"बस वं. घर तुमनं शे. आमले दोन जीवले धाबं पुरस, पोरले ती माती सोसत नही. आधी सांगतू तर तू नको म्हनती, म्हनीसन कोनीच बोलनं नही." मंजुळाबाईनं गाठ घट्ट केली. "तरी म्हतलं, ऱ्हानार ती, मंग आपला मनवरी कशाले बांधो? सारं घर तुलेच इचारी इचारी बांधं."