लव्हाळ्याची चिठ्ठी

बोरवणकर सरांच्या खांद्यावर सत्काराची शाल पडली, तशी त्यांची जुनी विद्यार्थिनी यमुना गावित शेवटच्या रांगेतून उठली आणि वाळवलेला लव्हाळा घेऊन थेट मंचावर गेली.

ओढ्याकाठच्या डबक्यात, कंबरभर चिखलात उतरून असाच तिकोनी दांड्याचा लव्हाळा तिनेच सरांना आणून दिला होता. सरांनी नमुन्याच्या चिठ्ठीवरचं तिचं नाव कात्रीने उडवलं आणि ‘लव्हाळ्याची नवी जात’ म्हणून तो स्वतःच्या नावावर छापून आणला. पण प्रत्येक नमुन्याची, तशाच चिठ्ठीसकट, एक जोडी स्वतःकडे ठेवायची तिची सवय ते विसरले. दोन वर्षं तिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

“सर, लव्हाळ्याची जात पिकलेल्या फळावरून ठरते,” ती माइकवर म्हणाली. “हे त्याच डबक्यातलं पिकलेलं फळ. भिंगातून बघा. हा आपला ओढ्याकाठचा नेहमीचाच लव्हाळा आहे.”

सरांनी भिंग डोळ्याला लावलं. शाल खांद्यावरून घसरली. “तेव्हाच का नाही सांगितलंस?”

तिने जोडीच्या नमुन्याची अख्खी चिठ्ठी सावकाश त्यांच्यापुढे धरली. तिच्या नावाखाली लिहिलं होतं : फळ कच्चं आहे. नवी जात समजू नये.

“सांगितलं होतं, सर. माझ्या नावाबरोबर तुम्ही तेही कापून टाकलंत.”