फुकटचा सुतार

“त्या सुताराला परत लिही,” साहेब म्हणाले. “आणि या वेळी जरा झणझणीत.”

‘नव्या’ने मान हलवली. ऑफिसात त्याला सगळे ‘नवा’च म्हणत. येऊन काही महिने झाले होते, पण नोकरी अजून पक्की नव्हती, आणि तोवर त्याचं नाव लक्षात ठेवायची कुणाला गरज वाटली नव्हती.

भानगड साधी होती. कंपनी दुकानांसाठी बिलांचा प्रोग्राम करायची. त्यात तारखा लावणारा एक तुकडा होता, तो कंपनीचा नव्हताच. इंटरनेटवर ‘सुतार’ असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी तो लिहून जगाला फुकट देऊन टाकला होता. तो बिनबोभाट चालत होता तोवर सुतार कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. आता महिनाअखेरीला बिलांवर आदल्या दिवसाची तारीख छापून यायला लागली, तेव्हा सगळ्यांना त्याची आठवण झाली. फुकट राबणाऱ्याची आठवण अशीच येते.

“साहेब, तोही नोकरी सांभाळूनच करत असेल,” नवा म्हणाला. “घरी काही अडचण असेल.”

“मग घ्यायचं कशाला अंगावर?”

“मीच दुरुस्त करून पाठवू का? एका दुपारचं काम आहे.”

“कंपनीच्या वेळात फुकट्यांची कामं? आणि घरी बसूनही करायची नाहीत. रुजू होताना सही केलीयस ना? बाहेरच्यांसाठी एक ओळ जरी लिहिलीस, तर त्याच दिवशी घरचा रस्ता.” साहेब हसले. “तू फक्त तक्रार कर. शिव्या सोडून काहीही लिही.”

नव्याने कंपनीच्या नावाने तक्रार लिहिली. अशी तक्रार सुताराच्या पानावर, चारचौघांना दिसेल अशीच लिहायची असते. त्याने बटण दाबलं. खिशातला फोन थरथरला.

शेजारच्या टेबलावरची टेस्टिंगवाली चटकन वळली. “अरे, बघ की! बायकोचा असेल.”

“तिचा नाही.”

“न बघताच कळलं?”

“कळतं.”

“दिवस भरलेत तिचे आणि तू असा ढिम्म. धन्य आहेस बाबा!”

सकाळी निघताना बायकोही तेच म्हणाली होती. पायांना सूज आल्यामुळे ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. “दिवसभर भुणभुणतो तुझा फोन. खिशात भुंगा पाळल्यासारखा. त्यात माझा फोन आलेला कळेल का तुला?”

“तुझा न कळायला काय झालं?”

“बघ हं. आई गावाहून संध्याकाळी येणार. तोवर मी एकटीच आहे.”

तिला असं एकटं टाकून यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. पण नोकरी पक्की झाली तरच बाळंतपण कंपनीच्या विम्यात बसणार होतं. म्हणून तो मान हलवत होता, सगळ्यांच्या नंतर निघत होता. आधीच्या नोकरीत पगार कमी होता, पण संध्याकाळ त्याची स्वतःची असायची. आता जेवण व्हायच्या आत डोळे मिटायचे.

दुपारी साहेब पुन्हा आले. “काय म्हणतो सुतार?”

“काही नाही.”

“मेला की काय?”

“नसावा,” नवा म्हणाला.

ऑफिस सुटायची वेळ झाली. साहेबांनी खुर्ची ओढली आणि नव्याच्या मागे बसले. “आता मी सांगतो ते लिही. तुमच्यासारखा बेजबाबदार माणूस आम्ही पाहिला नाही. जमत नसेल तर लायक माणसाच्या हाती द्या आणि घरी बसा. लिहिलंस?”

नव्याची बोटं थांबली. त्याचे कान तापले होते.

“साहेब, घरी बसा एवढं नको.”

“तुझा कोण लागतो तो? लिही. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत इथून कुणीही हलायचं नाही.”

त्याने लिहिलं, बटण दाबलं. फोन थरथरला. बघता बघता इतर कंपन्यांच्या लोकांनीही खाली री ओढली. कुणी बेजबाबदार म्हणालं, कुणी निर्लज्ज. साहेब एकेक वाचून खूश होत होते. बाहेर अंधार पडून तास उलटला तरी फोन थरथरत राहिला, मधेच थांबून पुन्हा थरथरला.

“अरे, घे ना तो!” टेस्टिंगवाली ओरडलीच.

नव्याने खिसा वरूनच दाबून धरला. “वाजू दे. आज रात्रभर वाजेल तो.”

तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी धावत आली. “तुझ्या सासूबाई लाइनवर आहेत. तुझी बायको दवाखान्यात आहे. एकटीच गेली टॅक्सी करून. तू उचलत नाहीस म्हणून वाट बघून बघून गेली. आई पोचेपर्यंत तिला आत घेतलं होतं, आणि डॉक्टर कुणाला काही सांगत नाहीयेत.”

नवा ताडकन उठला. खिशातून फोन उपसताना तो हातातून निसटला आणि साहेबांच्या बुटापाशी जाऊन पडला. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी वाकून तो उचलला, बाहीला पुसला, “आधी तिला लाव, बाकीचं मरू दे,” म्हणत पुढे केला आणि पडद्याकडे बघून हात तसाच थांबवला. बायकोचा न उचललेला फोन, त्याच्यावर त्यांनीच मघाशी सांगितलेलं वाक्य, वर पुन्हा बायकोचा फोन, पुन्हा कुणाचं तरी ‘निर्लज्ज’, पुन्हा बायको. आणि तिच्या प्रत्येक फोनच्या वर आणि खाली तीच ओळ होती: ‘सुतार, तुमच्या नावे नवी तक्रार आली आहे.’